विश्लेषण : असईच्या सेनापतीच्या छातीवर पुढच्या युद्धांची पदके कशी? ब्रिटिश लष्करी व्यक्तिचित्रे वाचायची कशी?

असईच्या लढाईवरील एक मजकूर ऑनलाइन लावताना आमच्या डेस्कवर नेहमीचा प्रश्न आला : सोबत चित्र कोणते लावायचे? शोधताच आर्थर वेलस्लीचे, म्हणजे नंतरच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, प्रसिद्ध तैलचित्र समोर आले. लाल कोट, हातांची घडी, गळ्यात आणि छातीवर मानचिन्हे. चित्र देखणे होते, मोठ्या आकारात उपलब्ध होते आणि माणूसही तोच होता. मजकूर लावायची घाई होती, तेवढ्यात सहकाऱ्याने विचारले, ‘हे कधीचे आहे?’ चित्र होते साधारण १८१५-१६चे, थॉमस लॉरेन्सने लंडनमध्ये काढलेले. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. म्हणजे बारा वर्षांनंतरचा, वॉटर्लू जिंकलेला, युरोपभर सन्मान मिळालेला माणूस आम्ही जालना जिल्ह्यातल्या रणांगणावर उभा करणार होतो.

चूक छोटी वाटते, पण ती का होते हे पाहू लागलो तर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी व्यक्तिचित्रांचा सगळा कारभार समोर येतो. ही चित्रे कोण काढून घेत असे, पैसे कोण देत असे, चित्रकाराने लढाई पाहिलेली असे का आणि ज्यांच्या जिवावर लढाया जिंकल्या ते शिपाई या चित्रांत का सापडत नाहीत, याविषयी...

असईच्या वेळी वेलस्ली कोण होता?

असई हे गाव आजच्या जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले यांच्या फौजा होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांनी तयार केल्या होत्या आणि त्यांचा तोफखाना उत्तम होता. समोर होता ३४ वर्षांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली तेव्हा कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल होता. महिनाभरापूर्वी, ऑगस्टमध्ये, आर्थरने अहमदनगरचा किल्ला घेतला होता.

असईत तो जिंकला आणि शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. मात्र किंमत जबर होती. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून त्याच्या फौजेची हानी सुमारे १,६०० होती आणि त्यात मोठा वाटा मद्रासच्या देशी पलटणींचा होता. लढाईत वेलस्लीच्या हाताखालचे दोन घोडे गेले. पुढे म्हातारपणी, लढाईतली तुमची सर्वात चांगली कामगिरी कोणती, असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूऐवजी असईचे नाव घेतले, असे सांगितले जाते.

तेव्हा तो ड्यूक नव्हता आणि फील्ड मार्शलही नव्हता. फील्ड मार्शलपद त्याला १८१३ मध्ये मिळाले आणि ड्यूक हा किताब १८१४ मध्ये. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. लॉरेन्सच्या चित्रातला माणूस हे सगळे अंगावर घेऊन उभा आहे.

मग असईच्या काळातले चित्र आहे का?

आहे. लढाईनंतर वर्षभराने, १८०४ मध्ये, वेलस्ली कलकत्त्याला गेला. तिथे रॉबर्ट होम या चित्रकाराने त्याचे तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात दिसतो तो ३५ वर्षांचा, भारतात नाव कमावलेला, पण युरोपात फारसा कुणाला माहीत नसलेला मेजर जनरल. त्याच वर्षी मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेबद्दल त्याला ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ हा सन्मान जाहीर झाला.

होमची कारकीर्दही पाहण्यासारखी आहे. तो १७९१ मध्ये मद्रासला आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर फिरला. टिपूचे दोन मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केले जातात, तो प्रसंग त्याने मोठ्या कॅनव्हासवर रंगवला. नंतर कलकत्त्यात त्याने साहेबलोकांची चित्रे काढण्याचा व्यवसाय मांडला आणि १८१४ मध्ये तो लखनौला गाजीउद्दीन हैदर यांच्या दरबारात गेला. त्या काळी फौजेच्या मागे जसे बाजारबुणगे जात, तसे कंपनीच्या विजयांच्या मागे चित्रकारही जात होते. जिथे नवे पद, नवा किताब आणि नवा पैसा, तिथे व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक होते.

लष्करी व्यक्तिचित्राची रचना कशी असे?

ब्रिटिश चित्रकारांचे कॅनव्हास ठरलेल्या मापांत मिळत आणि दरही मापानुसार ठरत. डोके आणि खांदे एवढेच दाखवायचे तर ३० बाय २५ इंच. गुडघ्यापर्यंतची आकृती हवी तर ५० बाय ४० इंच. डोक्यापासून बुटापर्यंत पूर्ण उभे चित्र हवे तर ९४ बाय ५८ इंच, म्हणजे जवळपास आठ फूट उंच. एखाद्या अधिकाऱ्याचे पूर्ण उभे चित्र दिसले, की त्यामागे मोठी ऐपत किंवा संस्थेचा पैसा आहे हे लगेच ओळखता येते. रेजिमेंटचे मेस, नगरपालिका, गव्हर्नरांची निवासस्थाने ही अशा चित्रांची नेहमीची गिऱ्हाइके.

दुसरी खूण म्हणजे रंग. ब्रिटिश फौज ‘लाल कोटवाली’ असली तरी सगळे लाल एक नव्हते. अधिकाऱ्यांच्या कोटाचे कापड कोचिनील या किड्यापासून मिळणाऱ्या महाग रंगात रंगवलेले, झळझळीत किरमिजी असे. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून मिळणाऱ्या स्वस्त रंगातले, विटकरीकडे झुकणारे असे. म्हणजे चित्रातला भडक लाल रंगसुद्धा हुद्दा सांगतो.

तिसरी खूण पदके, पट्टे आणि तारे यांची. चेहऱ्यासाठी साहेबाला समोर बसवावे लागे. लॉरेन्स तर पहिल्या बैठकीत थेट कॅनव्हासवर खडूने डोक्याचे बारकाईने रेखाटन करून घेत असे. पण कोट, तलवार आणि पदके यांसाठी साहेब समोर असण्याची गरज नव्हती. ते कपडे मागवून स्टुडिओत रंगवता येत. त्यामुळे चेहरा एका दिवशीचा आणि छाती दुसऱ्या वर्षीची, असे होऊ शके.

पदके खरोखरच नंतर रंगवली जात?

याचे सर्वात ठळक उदाहरण स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने काढलेले वेलिंग्टनचे चित्र. चित्रकार ब्रिटिश नाही, पण पद्धत तीच. जुलै १८१२ मध्ये सालामान्काची लढाई जिंकून वेलिंग्टन ऑगस्टमध्ये माद्रिदमध्ये शिरला. तिथे गोयाने त्याचे छोटे चित्र महोगनीच्या फळीवर काढले. चेहरा दमलेला आहे आणि डोळे थेट समोर पाहतात. नंतर नवे सन्मान मिळत गेले तशी चित्रातली छाती जुनी पडली. १८१४ मध्ये वेलिंग्टन पुन्हा माद्रिदला आला, तेव्हा गोयाने चित्रावर हात फिरवला आणि स्पेनचा ‘गोल्डन फ्लीस’ हा मानाचा किताब व लष्करी सुवर्ण क्रॉस त्यात घातले. आजच्या भाषेत सांगायचे तर फोटो जुनाच ठेवून प्रोफाइलमधले पद अपडेट केले.

हेच चित्र पुढे वेगळ्या कारणाने गाजले. १९६१ मध्ये ते १ लाख ४० हजार पौंडांना घेऊन लंडनच्या नॅशनल गॅलरीत लावले गेले आणि तीन आठवड्यांच्या आत चोरीला गेले. १९६५ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकातील सामानघरात सापडले. खटला चालला तो केम्प्टन बंटन या निवृत्त बसचालकावर. वृद्धांना टीव्हीचा परवाना फुकट मिळावा, ही त्याची मागणी होती. चित्र परत करायचाच हेतू होता हे ज्युरींना पटले आणि त्याला शिक्षा झाली ती फक्त न सापडलेल्या चौकटीच्या चोरीबद्दल.

चित्रात काय दाखवायचे हे ठरवत कोण असे?

बहुतेक वेळा चित्रातला माणूस किंवा पैसे देणारा. लॉरेन्सने वेलिंग्टनच्या एका चित्रात त्याच्या हाती घड्याळ दिले होते, असा किस्सा सांगितला जातो. वॉटर्लूवर प्रशियाची फौज मदतीला कधी येते याची सेनापती वाट पाहतो आहे, अशी कल्पना. वेलिंग्टनने ती साफ नाकारली. आपण प्रशियाची वाट पाहत नव्हतो, असे म्हणून त्याने हाती दुर्बीण द्यायला लावली. घड्याळाची दुर्बीण झाली आणि चित्राचा अर्थ बदलला. विजय दोघांचा की एकट्याचा, हा मोठा वाद एका वस्तूवर येऊन थांबला होता.

राजघराण्याचा पैसा असेल तर चित्रांचा अख्खा दिवाणखाना उभा राही. नेपोलियनला हरवणाऱ्या राजे, सेनापती आणि मुत्सद्द्यांची चित्रे काढण्याचे काम प्रिन्स रीजंटने १८१४ मध्ये लॉरेन्सकडे सोपवले. त्यासाठी लॉरेन्स १८१८ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाला. आखेन, व्हिएन्ना आणि रोम असा प्रवास करून तो १८२० मध्ये परतला. ही चित्रे विंडसर किल्ल्यातील ‘वॉटर्लू चेंबर’मध्ये आजही आहेत. दालन पूर्ण झालेले पाहायला लॉरेन्स राहिला नाही, १८३० मध्ये त्याचे निधन झाले. वॉटर्लूच्या नावाच्या या दालनात रशियाचा झार आहे, प्रशियाचा ब्ल्यूखर आहे, रोमचे पोपसुद्धा आहेत. वॉटर्लूवर रांगेत उभा राहिलेला साधा शिपाई मात्र नाही.

पैसे देणारी विधवा असेल तर? डेव्हिड बेअर्ड या स्कॉटिश सेनापतीने ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावरील हल्ल्याचे नेतृत्व केले. टिपू सुलतान त्याच दिवशी मारला गेला. पण शहराचा ताबा बेअर्डकडे न राहता त्याच्यापेक्षा कनिष्ठ असलेल्या आर्थर वेलस्लीकडे गेला. बेअर्डच्या मनात हे शल्य कायम राहिले. तो १८२९ मध्ये वारला. त्यानंतर लेडी बेअर्डने डेव्हिड विल्की या नामवंत चित्रकाराकडून टिपूचा मृतदेह सापडल्याचा प्रसंग भव्य आकारात रंगवून घेतला. चित्र १८३९ मध्ये पूर्ण झाले, घटनेनंतर चाळीस वर्षांनी. मध्यभागी मशालींच्या उजेडात बेअर्ड उभा आहे. त्याच्या पायाखाली तळघराची जाळी आहे. १७८० ते १७८४ या काळात तो हैदर आणि टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणलाच होता, त्याची ही आठवण. सरकारने जे श्रेय दिले नाही, ते पत्नीने कॅनव्हासवर मिळवून दिले. विल्की भारतात कधीच आला नव्हता.

चित्रकार लढाई पाहत नसत, तर तपशील कुठून येत?

शतकाच्या मध्यापर्यंत हे काम एक उद्योग बनले होते. अग्न्यू ही चित्रविक्रेत्यांची पेढी त्यात आघाडीवर होती. मोठे चित्र काढून घ्यायचे, ते तिकीट लावून दाखवायचे आणि मग धातूच्या पत्र्यावर कोरून त्याच्या छापील प्रती विकायच्या, हे त्यामागचे गणित. खरी कमाई छापील प्रतींत होती. त्यामुळे एका चित्रात जितके ओळखीचे चेहरे, तितके गिऱ्हाईक जास्त.

क्रिमियाच्या युद्धावेळी, १८५५ मध्ये, या पेढीने रॉजर फेंटन या छायाचित्रकाराला रणभूमीवर धाडले. एका दारूविक्रेत्याच्या जुन्या घोडागाडीत त्याने फिरती डार्करूम थाटली होती. काच ओली असेपर्यंतच छायाचित्र घेऊन धुवावे लागे, त्यामुळे प्रयोगशाळा सोबत नेण्याला पर्याय नव्हता. धावपळीचे छायाचित्र त्या तंत्रात निघत नसे, पण स्थिर बसलेल्या सेनापतींचे चेहरे उत्तम निघत. हे चेहरे थॉमस जोन्स बार्कर या चित्रकाराला सेबास्तोपोलसमोर जमलेल्या मित्रसैन्यांच्या सेनापतींचे मोठे चित्र रंगवताना उपयोगी पडले. म्हणजे छायाचित्र आल्याने व्यक्तिचित्र संपले नाही, उलट त्याला कच्चा माल मिळाला.

१८५७च्या उठावानंतर हीच पद्धत भारतासाठी वापरली गेली. एग्रोन लुंडग्रेन या स्वीडिश चित्रकाराला रेखाटने करण्यासाठी भारतात पाठवण्यात आले. त्या रेखाटनांवरून बार्करने ‘रिलीफ ऑफ लखनौ’ हे चित्र १८५९ मध्ये पूर्ण केले. नोव्हेंबर १८५७ मध्ये वेढ्यातून सुटका झाल्यावर हॅवलॉक, आउटरॅम आणि कॉलिन कॅम्पबेल एकमेकांना भेटतात, तो हा प्रसंग. यातला जेम्स आउटरॅम महाराष्ट्राला अनोळखी नाही. मुंबई फौजेतल्या या अधिकाऱ्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. चित्रात तिघेही विजयी आणि धडधाकट दिसतात. प्रत्यक्षात या भेटीनंतर आठवडाभरातच हॅवलॉकचा आमांशाने मृत्यू झाला.

साधा सैनिक चित्रात कधी आला?

क्रिमियाच्या युद्धाने ब्रिटनमध्ये सेनापतींची प्रतिष्ठा घसरली. थंडी, रोगराई आणि ढिसाळ पुरवठा यांमुळे माणसे मेली आणि वृत्तपत्रांनी ते घरोघरी पोहोचवले. १८५६ मध्ये ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ सुरू झाला. हुद्दा कोणताही असो, शौर्य दाखवणाऱ्याला तो मिळणार होता. लुई देसांज या चित्रकाराने ही संधी ओळखली. त्याने या पदकाच्या मानकऱ्यांची सुमारे पन्नास चित्रे काढली आणि १८५९ पासून ती लंडनमध्ये मांडली. पदक सर्वांसाठी असले तरी या मालिकेतही अधिकाऱ्यांचीच संख्या मोठी होती.

खरा बदल घडवला एका तरुणीने. एलिझाबेथ थॉम्पसन, लग्नानंतरची लेडी बटलर, हिने १८७४ मध्ये रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ‘द रोल कॉल’ हे चित्र लावले. क्रिमियातल्या बर्फात लढाईनंतर हजेरी चालू आहे. रांगेतले शिपाई थकलेले, जखमी. एक खाली कोसळलेला. अधिकारी घोड्यावर आहे, पण नजर जाते ती रांगेतल्या चेहऱ्यांकडे. तिने क्रिमियाच्या काळातले जुने गणवेश मिळवले आणि माजी सैनिकांना समोर उभे केले. चित्र पाहायला इतकी गर्दी झाली, की बंदोबस्तासाठी पोलीस ठेवावा लागला. ज्या कारखानदाराने हे चित्र काढून घेतले होते, त्याच्याकडून ते राणी व्हिक्टोरियाने मिळवले. पाच वर्षांनी, १८७९ मध्ये, रॉयल अकादमीच्या सदस्यत्वाच्या निवडणुकीत मात्र ती दोन मतांनी हरली.

‘द रोल कॉल’ हे काटेकोर अर्थाने व्यक्तिचित्र नाही. पण पुढच्या कामात तिने तीही रेषा ओलांडली. दक्षिण आफ्रिकेत जानेवारी १८७९ मध्ये झुलूंविरुद्ध झालेल्या रॉर्क्स ड्रिफ्टच्या लढाईचे चित्र राणीने तिच्याकडून काढून घेतले. लढाईतून परतलेल्या २४व्या पलटणीच्या सैनिकांनी पोर्ट्समथला तिच्यासमोर तो प्रसंग उभा केला आणि तिने त्यांचे चेहरे टिपले. साध्या शिपायांचे खरे, ओळखता येणारे चेहरे राणीच्या संग्रहात गेले. त्याच चित्रात झुलू योद्धे मात्र कडेच्या अंधारात आहेत.

आणि भारतीय शिपाई?

असईत लढलेले मद्रासचे शिपाई कुठल्या तैलचित्रात आहेत, हा प्रश्न आम्हाला चित्र शोधताना पडला. अशा भव्य चित्रांत भारतीय शिपाई दिसतो तो बहुधा घोडा धरून, निशाण धरून किंवा मागच्या गर्दीत. त्याला नाव नसते.

पदकांचा हिशेब याहून बोलका आहे. गोयाने वेलिंग्टनची छाती दोन वर्षांत अद्ययावत केली. असईत लढलेल्या सैनिकांसाठी, गोरे असोत वा भारतीय, पदक मंजूर झाले ते १८५१ मध्ये. ‘आर्मी ऑफ इंडिया’ असे त्याचे नाव. १८०३ ते १८२६ मधल्या लढायांसाठी ते होते आणि असईसाठी त्यावर वेगळी पट्टी होती. पण ते फक्त हयात असलेल्यांनाच मिळणार होते. लढाईला तोवर ४८ वर्षे झाली होती. विशीत लढलेला शिपाई सत्तरीला टेकला होता, जगला असेल तर. व्हिक्टोरिया क्रॉससाठी भारतीय सैनिक पात्र ठरले ते १९११ मध्ये.

तरी भारतीय शिपायाचे चेहरे अगदीच हरवलेले नाहीत. ते सापडतात ते भारतीय चित्रकारांच्या कामात. जेम्स स्किनर हा आधी शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यावर त्याला तिथून काढण्यात आले आणि तो कंपनीकडे गेला. त्याने उभ्या केलेल्या घोडदळाचा दरबार दिल्लीच्या गुलाम अली खान यांनी १८२७ मध्ये रंगवला. तो आता लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. त्यात बसलेल्या माणसांचे चेहरे एकमेकांसारखे नाहीत, प्रत्येक जण वेगळा आहे. त्याआधी, साधारण १८१५ ते १८१९ या काळात, विल्यम आणि जेम्स फ्रेझर या भावांनी दिल्लीच्या चित्रकारांकडून जो चित्रसंग्रह करून घेतला, त्यात घोडदळात भरती झालेल्या तरुणांची चित्रे नावांसह आहेत. कागदावरची ही छोटी चित्रे आठ फुटी कॅनव्हासच्या तुलनेत किरकोळ वाटतात. पण माहिती म्हणून पाहिले तर ती अधिक भरवशाची आहेत. माणूस समोर होता, चित्रकार समोर होता आणि नाव लिहिले गेले.

शतकाच्या अखेरीस राणी व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोदा या ऑस्ट्रियन चित्रकाराला १८८६ मध्ये भारतात पाठवले. त्याने कारागीर, शेतकरी आणि सैनिक यांची छोटी व्यक्तिचित्रे काढली. ती राणीच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये लावली गेली. ही चित्रे प्रेमाने काढलेली आहेत, तरी ती राणीच्या साम्राज्याचे नमुने म्हणूनच मागवलेली होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

आज ही चित्रे पाहताना काय तपासायचे?

ही चित्रे आता संग्रहालयांपुरती राहिलेली नाहीत. पाठ्यपुस्तके, यूट्यूबच्या व्हिडीओंचे थंबनेल, वर्तमानपत्रांची संकेतस्थळे, सगळीकडे ती फिरतात. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे वेलिंग्टनचा चेहरा ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर होता. भारतातही कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये कंपनीच्या काळातील अशी अनेक तैलचित्रे पाहायला मिळतात. ती टाकाऊ नाहीत. गणवेश, शस्त्रे, मानचिन्हे आणि त्या काळच्या सत्तेची स्वतःबद्दलची कल्पना यांसाठी ती अस्सल साधने आहेत. फक्त त्यांना छायाचित्रासारखे वाचले की फसगत होते.

चार प्रश्न विचारले तरी बरेच काम होते. पहिला, चित्राचे वर्ष आणि घटनेचे वर्ष एकच आहे का? दुसरा, पैसे कोणी दिले : स्वतः साहेबाने, राजाने, विधवेने की छापील प्रती विकणाऱ्या पेढीने? तिसरा, चित्रकार तिथे होता का, नसल्यास त्याने कशावरून काढले? आणि चौथा, त्या प्रसंगात हजर असलेले कोण चित्रात नाहीत?

वेलिंग्टनच्या बाबतीत तुलनेसाठी आणखी एक पुरावा आहे. १ मे १८४४ रोजी, त्याच्या ७५व्या वाढदिवशी, आंत्वान क्लोदे या छायाचित्रकाराने त्याचे डॅगेरोटाइप पद्धतीचे छायाचित्र घेतले. त्यात लाल कोट नाही, तलवार नाही. पांढऱ्या केसांचा, गाल बसलेला म्हातारा आहे. चाळीस वर्षे चित्रकारांसमोर बसलेला हा माणूस असा दिसत होता.

आमच्या त्या मजकुरासोबत शेवटी आम्ही होमचे चित्र लावले. खाली ओळ लिहिली : ‘मेजर जनरल आर्थर वेलस्ली, असईच्या लढाईनंतर एका वर्षाने कलकत्त्यात काढलेले चित्र, १८०४’. ओळ थोडी लांब झाली. पण असई वाचायला आलेल्या वाचकाला वॉटर्लूचा सेनापती दाखवण्यापेक्षा ते बरे. असईतल्या मद्रासच्या शिपायाचे चित्र मात्र आम्हाला मिळाले नाही. ती जागा रिकामीच राहिली.